पेंढ्याचं वासरू

"उमाजीअण्णा, गायीचं झालं. आता वासराची पूजा कुठं करायची?" गोजराबाईने हातातले ताट सावरत विचारले.

वसुबारसेची दिवेलागण होती. बेंगळुरातल्या गवीपुराच्या त्या गल्लीत मराठ्यांची घरे अकरा आणि गाय एकच, उमाजीची तुंगा. म्हणून दर वर्षी अकरा घरच्या बायका त्याच्याच अंगणात ताटे घेऊन येत. पण त्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे अठ्ठावन्न साली, तुंगेपाशी वासरू नव्हते. श्रावणात बारा दिवसांचे होऊन ते गेले होते.

"थांबा की स्वल्प," म्हणत उमाजी गोठ्यात गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या डाव्या बगलेत पेंढ्याचे वासरू होते. कातडे त्या मेलेल्या वासराचेच. आत भाताचा पेंढा ठासलेला, पोटावर सुतळीचे टाके, पायांच्या जागी चार काठ्या. डोळ्यांच्या जागी नुसती दोन भोके. ते त्याने तुंगेच्या तोंडापुढे उभे केले.

"ह्याची पूजा?" गोजराबाई म्हणाली.

"मग काय झालं? तिला चालतंय, तुमाला का चालू नये?"

बायका हसल्या. दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिले. उपाशी पोटी कोण वाद घालणार? गोजराबाईने पुढे होऊन त्या सुक्या कपाळावर कुंकू टेकवले, मग बाकीच्यांनीही टेकवले. एकीने कुंकू लावावे आणि तुंगेने मान वाकवून ते चाटून टाकावे, असे दहा वेळा झाले. चाटताना तुंगा डोळे मिटून घ्यायची आणि नाकातून ऊन श्वास सोडायची. तिच्या कासेतून दुधाचे थेंब आपोआप मातीत पडत होते.

घरधनीण म्हणून शेवटी उमाजीची बायको रत्नाबाई पुढे आली. ताटातल्या निरांजनाचा उजेड तिच्या हनुवटीवर हलत होता. तिने कुंकवात बोट बुडवले. समोर ती दोन भोके होती. ती बराच वेळ तशीच उभी राहिली. मग बोट पदराला पुसून, ताट तिथेच खाली ठेवून ती घरात निघून गेली.

"चक्कर आली असंल अक्काला," गोजराबाई म्हणाली. "दिवसभर पोटात काही न्हाई."

वसुबारसेला बायका दूध, दही, तूप काही खात नाहीत. दूध त्या दिवशी वासराचे असते. उमाजीलाही वाटले, उपासच लागला असेल.

दुसऱ्या दिवशी पहाटे रत्नाबाईने दोन पेल्यांत काफी आणली. एक पेला दुधाचा, दुसरा काळा.

"तुझ्यात दूध न्हाई? उपास कालचा होता गं. सुटला."

"माझा सुटला न्हाई."

"किती दिवस हाय?"

"परिशेपर्यंत."

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीच्या थोरल्या नंदीपुढे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते, तिला बेंगळुरात परिशे म्हणतात. तिला बरोबर एक महिना होता.

"दूध, दही, तूप न्हाई. मटन न्हाई, अंडं न्हाई. मध बी न्हाई," रत्नाबाई म्हणाली. "मुक्या जिवाकडनं काही घ्यायचं न्हाई."

उमाजी हसला. "दूधवाल्याची बायको दूध पीत न्हाई म्हटल्यावर लोक काय म्हन्तील ठाऊक हाय? उमाजी दुधात काय मिसळतो ते हिला म्हाईत हाय म्हन्तील."

ती हसली नाही. पेला दोन्ही तळहातांत धरून ती चुलीकडे पाहत राहिली.

"महिन्याचं मी देवाला बोललेय. पुढचं तुमाला सांगते. ते भुसकट तुमी तिच्यापुढं धरताय तोवर तिचं दूध माझ्या घशाखाली उतरायचं न्हाई. महिन्यानं बी न्हाई, वर्षानं बी न्हाई."

"मग तिनं पान्हा सोडायचा कसा?"

"ते मला ठाऊक न्हाई."

ती रागावली असती तर उमाजीला बरे वाटले असते. पण तिचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा शांत होता. असा आवाज त्याने एकदाच ऐकला होता, एकवीस वर्षांपूर्वी. त्याने काफी तशीच पिऊन टाकली, पेंढ्याचे वासरू बगलेत मारले आणि तुंगेचे दावे सोडले.

त्या काळी बेंगळुरात दूध घरी येत नसे, गायच घरी येई. उमाजी पहाटे केंपांबुधी तळ्याच्या बांधावरून निघायचा आणि चामराजपेट, बसवनगुडी करत उन्हे चढेपर्यंत फिरायचा. दारापुढे गाय उभी करायची, पितळी कासंडी उपडी करून आत पाणी नसल्याचे दाखवायचे, मग पेंढ्याचे वासरू गायीपुढे धरायचे. गाय त्याला चाटू लागली की पान्हा सुटतो. ते नसले तर ती दूध वर ओढून धरते. कितीही ओढा, थेंब मिळत नाही. उमाजीचा बाप हेच करत होता, आजाही. वासरू मेले की चांभारवाड्यातल्या मल्लाप्पाकडे कातडे द्यायचे आणि आठ दिवसांनी वासरू परत आणायचे. यात काही चुकते आहे असे कोणाला वाटले नव्हते. तीस वर्षे एकामागून एक अशी वासरे वागवून उमाजीचा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटे वर राहिला होता.

बांधावर एक जुने करंजाचे झाड होते. तिथे आले की उमाजी थांबायचा, तुंगाही थांबायची. धुके तळ्यावरून उठून झाडाच्या बुंध्याशी यायचे आणि थोडा वेळ माणूस, गाय आणि पेंढ्याचे वासरू तिघेही पांढऱ्यात बुडून जायचे. मग घंटा वाजायची, तुंगा चालू लागायची.

दिवाळी आली. रत्नाबाईने करंज्यांचे पीठ नारळाच्या दुधात भिजवले आणि शेंगदाण्याच्या तेलात तळले. पाडव्याला गल्लीभर मटणाचा वास सुटला. उमाजीच्या घरात अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचे सारू शिजत होते.

गोजराबाई करंजी खात म्हणाली, "अक्का, जैन झालीस काय गं?"

"जैन लोक दूध पितात की."

"मग हे कुठलं खूळ?"

"महिन्याचं हाय. जाईल."

थंडी पडू लागली तशी रत्नाबाईने घोंगडी घडी करून फळीवर ठेवली.

"आता लोकरीनं काय केलं?" उमाजी म्हणाला. "मेंढीला लोकर पुन्हा येते."

"येते. कातरताना तिला इचारतंय कोण?"

 पहाटे निघताना त्याने आपली दोन जुनी धोतरे चौपदरी करून तिच्या अंगावर घातली. ती जागी होती. तिने डोळे उघडले नाहीत, पण धोतराचे टोक हाताने गळ्यापाशी ओढून घेतले.

दहाबारा दिवस उमाजी रोजच्यासारखा जेवला. ती नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडलेले गोळे, सारूत बुडवून खायची आणि त्याच्या पानाशी दह्याची वाटी न विसरता ठेवायची.  हळूहळू त्याला त्या वाटीकडे पाहवेना. एका दुपारी त्याने ती तशीच उचलून मांजरीपुढे ठेवली. दुसऱ्या दिवशी रत्नाबाईने वाटी ठेवली नाही. 

बसवनगुडीतल्या पद्मम्मांकडे मात्र बोलावे लागले. त्या निवृत्त हेडमास्तरांच्या पत्नी. दूध घेतले की त्याच दुधाची काफी करून उमाजीला ओट्यावर द्यायच्या, हा पंधरा वर्षांचा परिपाठ.

"आज नको, अम्मा. पोट बरं न्हाई," तो कन्नडात म्हणाला.

"दूधवाल्याचं पोट दुधानं बिघडलं? मग आम्ही काय करायचं रे?" पद्मम्मा हसल्या. शुक्रवार होता. त्यांनी मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, वीतभर गजरा केळीच्या पानात बांधून दिला. "बायकोला दे. आठवणीनं."

"सरी, अम्मा."

तो गजरा दर शुक्रवारी मिळायचा आणि पंधरा वर्षांत एकदाही घरी पोहोचला नव्हता. बेंगळुरात भाजीवालीच्या डोक्यातही मल्लिगे असते. रत्नाबाई ती माळत नसे. वासही तिला सोसत नसे, आणि ते का, हे उमाजीला ठाऊक होते.

एकवीस वर्षांपूर्वी त्यांना मुलगी झाली आणि नवव्या दिवशी गेली. बारसे व्हायचे होते, म्हणून तिला नावही नव्हते. उमाजीने तिला पांढऱ्या फडक्यात गुंडाळून डाव्या हातावर घेतले आणि एकटाच तळ्याकडे गेला. अशा वेळी आईने जायचे नसते, जागाही तिला सांगायची नसते. सांगितली तर पुढची कूस धरत नाही, असे सुईण तानूबाईने बजावले होते. पुढची कूस तशीही धरली नाही. रत्नाबाईला दूध मात्र येत राहिले. ते आटावे म्हणून तानूबाईने मल्लिगेची फुले ठेचून तिच्या छातीला बांधली. रोज सकाळी जुनी फुले काढायची, ताजी बांधायची. पाच दिवस ते घर फुलांच्या बाजारासारखे घमघमत होते. पाचव्या दिवशी रत्नाबाईने विचारले होते, "कुठं ठेवलंत तिला?"

तोच तो विहिरीतला आवाज. "सोड ते आता," असे उमाजी म्हणाला होता. तिने पुन्हा कधी विचारले नाही.

दूध सोडल्यापासून उमाजीला निराळेच होऊ लागले. तोंडावरची साय पुसली जावी तशी जीभ स्वच्छ झाली. नाचणीत मातीची गोडी लागे. तुंगेच्या अंगाला पावसाळी गवताचा वास आहे हे त्याला इतक्या वर्षांनी कळले. दुपारी तळ्याकाठी गाय चारताना त्याला डुलकी लागे, आणि त्या अर्धवट झोपेत त्याला दिसे की तळे दुधाने भरले आहे, त्यावर कोणी पाय बुडू न देता चालत येते आहे. ते वासरू आहे की रांगते मूल, हे कळायच्या आत त्याला जाग येई. समोर पाणी असे, पाण्यावर ढग असत, आणि एखादा बगळा.

अशाच एका दुपारी तो जागा झाला तो कसल्याशा कुरकुर आवाजाने. पेंढ्याचे वासरू त्याने झाडाला टेकवून ठेवले होते. तुंगा त्याच्यापाशी उभी होती. चाटून चाटून पोटावरची सुतळी सुटली होती, आतला पेंढा बाहेर आला होता, आणि तुंगा तो ओढून ओढून खात होती. सावकाश, डोळे अर्धे मिटून. एक घास खायची आणि वासराचे कपाळ चाटायची, पुन्हा एक घास खायची.

उमाजी ओरडला नाही. बसल्या जागीच पाहत राहिला. तिला काही ठाऊकच नव्हते म्हणावे, तर ती चाटत का होती? सगळे ठाऊक होते म्हणावे, तर इतके दिवस पान्हा का सोडत होती? वाऱ्याने पेंढ्याच्या काड्या पाण्यावर गेल्या आणि हलत राहिल्या.

संध्याकाळी त्याने ते रिकामे झालेले कातडे अंगणात आणून ठेवले. रत्नाबाई अवरेच्या शेंगा सोलत बसली होती. तिने वर पाहिले.

"फाटलं?"

"तिनं खाल्लं."

सोललेला दाणा रत्नाबाईच्या बोटांतून निसटला. 

"मल्लाप्पाकडं देनार?" तिने विचारले.

"सकाळी धार काढायची हाय, रत्ना."

"ते मी इचारलं न्हाई."

तो शनिवार होता. रविवारी फेरी बुडवून उमाजी कातडे घेऊन मल्लाप्पाच्या दारापर्यंत गेला. मल्लाप्पा आतून म्हणाला, "आण की, तासाभरात शिवून देतो." उमाजी उंबऱ्याबाहेर उभा राहिला. मल्लाप्पाच्या ओटीवर दुसऱ्या कोणाचे तरी वासरू वाळत घातले होते. त्याचे कान अजून मऊ दिसत होते.

"आज ऱ्हाऊ दे," उमाजी म्हणाला आणि परत फिरला.

सोमवारी, परिशेच्या दिवशी, तीस वर्षांत पहिल्यांदा तो बगल रिकामी ठेवून फेरीला निघाला. पहिल्या दारी तुंगेने इकडेतिकडे पाहिले, हंबरली, आणि पान्हा चोरला. दुसऱ्या दारी तिने लाथ झाडली. कासंडी घरंगळत गटारापर्यंत गेली. चामराजपेटेतल्या एका घरी मालकीणबाईने दार लावून घेतले. पद्मम्मा मात्र तांब्या घेऊन ओट्यावर बसूनच राहिल्या.

"वासरू कुठं आहे उमाजी?"

"गेलं, अम्मा."

"ते तर श्रावणातच गेलं."

"न्हाई. आता गेलं."

पद्मम्मांनी तांब्या त्याच्यापुढे सरकवला. उमाजी तुंगेच्या कुशीला कपाळ टेकवून बसला. तिची मान खाजवली, पोटावरून हात फिरवला, तिच्या कानाशी काहीबाही पुटपुटला. बऱ्याच वेळाने तांब्याचा तळ झाकेल इतके दूध आले.

"एवढंच देते ती," तो म्हणाला.

"साकु," पद्मम्मा म्हणाल्या. पुरे. मग आत जाऊन त्यांनी गजरा आणला. शुक्रवार नव्हता, पण परिशे होती.

दुपारी तो घरी आला. कातडे, उरलासुरला पेंढा आणि चार काठ्या त्याने पोत्यात घातल्या, कुदळ खांद्यावर घेतली.

"चल," तो रत्नाबाईला म्हणाला.

"कुठं?"

"तुंगेचं दावं तू धर."

ती अनवाणीच निघाली. महिनाभर तिने पायात चामडे घातले नव्हते. तुंगा पुढे, दावे धरलेली रत्नाबाई मागे आणि पोते घेतलेला उमाजी सगळ्यांच्या मागे. बांधावर ऊन मवाळ झाले होते. दूर नंदीच्या टेकाडाकडून जत्रेचा आवाज पाण्यावरून येत होता, मधमाश्यांचे मोहोळ घुमावे तसा.

करंजाच्या झाडाशी तुंगा थांबली.

"चल गं," रत्नाबाईने दावे हलवले. तुंगा हलली नाही. "हिला काय झालं? इथं का थांबली?"

 रत्नाबाईने वर पाहिले. झाडाच्या खालच्या फांदीला गजरे अडकवलेले होते. कितीतरी. काही नुसते दोरेच उरलेले, काहींवर तपकिरी फुलांचा चुरा, एक शुक्रवारचा, अजून पिवळट. उमाजीने कनवटीचे केळीचे पान सोडले आणि आजचा गजरा त्यांच्याशेजारी लावला.

"रोज थांबतो आमी," तो म्हणाला. "म्हनून तिला सवय झाली."

रत्नाबाईने दावे सोडून दिले. ती बुंध्याशी गेली, खाली वाकली, आणि कोणाला जागे करायचे नसावे तसा तळहात मातीवर ठेवला.

"हितं?"

"हितंच."

"एकवीस वर्सं." ती मातीकडेच पाहत होती. "मला सांगितलं असतं तर मी काय उकरून काढलं असतं व्हय?"

"तू हितंच बसून ऱ्हायली असतीस."

"बसले असते," ती म्हणाली. "मग उठले असते."

 उमाजीने झाडापासून चार हात बाजूला खणायला घेतले. माती ओली होती, कुदळ हलकेच उतरत होती. पोते खाली ठेवताना रत्नाबाईने हात लावला. मग पदराच्या टोकाची गाठ सोडून तिने कुंकवाची पुडी काढली आणि पोत्याचे तोंड सारून त्या सुक्या कपाळावर बोट टेकवले. वसुबारसेला राहिलेले ते बोट. तुंगेने मान लांब करून एकदा हुंगले. चाटले नाही. माती लोटून होईपर्यंत ती तिथेच उभी होती. मग दोन पावले पुढे जाऊन गवत खाऊ लागली.

ते तसेच नंदीच्या टेकाडाकडे गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेंगांच्या राशी होत्या. लोक चालत होते आणि त्यांच्या पायांखाली टरफले कुरकुरत होती. भाजलेल्या शेंगांचा धूर संध्याकाळच्या उजेडात तरंगत होता, त्यात माणसे येत आणि विरून जात. तुंगेला पाहून कोणी कोणी तिच्यापुढे मूठभर शेंगा धरत होते. आज गायीबैलांना कोणी नाही म्हणत नव्हते.

रत्नाबाईने एका म्हातारीकडून दोन शेर शेंगा घेतल्या, पिशवीत भरल्या. एक फोडून दाणे तोंडात टाकले.

"तुझा महिना झाला," उमाजी म्हणाला. "आता दूध घेशील?"

"बघू. तिनं दिलं तर."

"उद्या बी तिनं दिलं न्हाई तर? मग मी काय करू?"

"शेंगा विकू," ती म्हणाली. तिच्या ओठाला दाण्याचे साल चिकटले होते. ती हसली होती की काय, धुरात त्याला नीट दिसले नाही.

परतताना अंधारून आले. तुंगा सवयीने पुढे चालत होती. रत्नाबाईने पाहिले, उमाजीचा डावा खांदा वर होता आणि हात कोपरात वळून बरगडीशी धरलेला होता. आत काही नव्हते. त्याच्या ते ध्यानातही नव्हते. तीस वर्षांचा हात होता तो, आणि त्यांतली एक सकाळ लेकीची.

ती दोन पावले पुढे झाली आणि शेंगांची पिशवी तिने हलकेच त्या बगलेत ठेवली. उमाजीचा हात पिशवीभोवती आपोआप मिटला.